शेजारच्या आजी मोर्चाला बोलावतायत, जावं का? (केम्नित्स, जर्मनी)

नाशिकचा_सध्या_परदेशी:

नमस्कार मंडळी. मी केम्नित्समध्ये शिकायला आलो आणि आता एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम करतो. व्हिसा कामाचा आहे, कायमचा परवाना अजून मिळालेला नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. वय चौऱ्याहत्तर, शाळेत भूगोल शिकवायच्या. पहिल्या हिवाळ्यात माझं पातळ जॅकेट बघून त्यांनी नवऱ्याचा जुना कोट आणून दिला होता. त्या 'ओमास गेगेन रेश्ट्स'मध्ये आहेत. ओमा म्हणजे आजी, आणि अतिउजव्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या आज्यांची ही संघटना. परवा माझ्या दाराला चिठ्ठी चिकटवून गेल्या : 'शनिवारी दोन वाजता, निशेलजवळ. गरम मोजे घाल.' (निशेल म्हणजे मार्क्सचं डोकं. सात मीटर उंच, नुसतं डोकंच, धड नाही. इथे सगळे तिथेच भेटतात.)

आजवर मी असल्या गोष्टींत पडलो नाही. पण नोव्हेंबरमध्ये ट्राममध्ये दोन पोरं माझ्यासमोर उभी राहून 'परत जा' वगैरे मोठमोठ्याने बोलत होती. माझ्या कानात इअरफोन होते, गाणं बंद होतं. ऐकूच येत नाही असं दाखवलं. डबा भरलेला, कुणी चकार शब्द काढला नाही. एक बाई तेवढी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. तीही काही बोलली नाही. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

तर प्रश्न असे. व्हिसाला काही होईल का? आणि खरं सांगा, अशा मोर्चांनी काही फरक पडतो का? आईला नुसतं 'मोर्चा' म्हटलं तर म्हणाली, 'कशाला त्यांच्या भानगडीत पडतोस?'


बव्हेरियातला_बापू:

तुझी आई शहाणी आहे. मी एकोणीस वर्षं इथे आहे. काम करावं, कर भरावा, जर्मन नीट शिकावी. आपण पाहुणे. यजमानाच्या घरात भांडण चाललं असेल तर पाहुण्याने ताटाकडे बघावं.

फरकाचं म्हणशील तर आकडे बघ. जानेवारी २०२४ मध्ये पोट्सडामच्या अतिउजव्यांच्या त्या गुप्त बैठकीची बातमी फुटली, परदेशी मुळाच्या लोकांना देशाबाहेर घालवण्याच्या योजनेची. त्यानंतर लाखो लोक रस्त्यावर उतरले. म्युनिकमध्ये तर इतकी गर्दी झाली की मोर्चा आवरता घ्यावा लागला. मी खिडकीतून बघत होतो. आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत काय झालं? एएफडी हा अतिउजवा पक्ष १०.४ टक्क्यांवरून २०.८ वर. बरोब्बर दुप्पट. थाळ्या वाजवून करोना गेला नाही, तसंच हे.


मिरजवाली_सिस्टर:

बापू, आकडे खरे आहेत. आमच्या सॅक्सनी राज्यात तर ३७ टक्क्यांच्या वर गेले, तेही सांगायचं होतंत. पण पाहुण्याचं पटलं नाही. पाहुणा रात्रपाळी करत नाही. मी इथे केम्नित्समध्येच २०१६ पासून नर्स आहे आणि वॉर्डात पाहुण्यासारखं मला कुणी बसवलेलं नाही.

अरे नाशिकच्या, आधी व्हिसाचं. मी वकील नाही, पण २०१८ पासून हेच विचारत आलेय. राज्यघटनेच्या आठव्या कलमात सभेचा हक्क 'सर्व जर्मनांना' आहे, तेवढं वाचून आपली मंडळी घाबरतात. सभेचा कायदा मात्र प्रत्येकाला हक्क देतो, आणि परदेशी माणसाला कायद्यात राहून राजकारणात भाग घेता येतो हे परदेशी लोकांच्या वास्तव्याच्या कायद्यातच लिहिलंय. इथे मोर्चाला परवानगी मागत नाहीत, नुसतं कळवतात, जाहीर करायच्या ४८ तास आधी. आज्यांनी कळवलेलं असणारच, त्या बाबतीत त्या आपल्या पोस्टमास्तरांपेक्षा काटेकोर.

सांभाळायचं ते एवढंच. ओळखपत्र खिशात असू दे. मफलर नाकावर ओढू नकोस, कितीही थंडी असली तरी, कारण तोंड झाकायला बंदी आहे. काचेची बाटली नको. आणि रस्त्यावर ठिय्या मारून बसणारे वेगळे असतात, त्यांच्यात बसू नकोस. पोलिसांनी उठा म्हटल्यावर न उठणं अंगाशी येऊ शकतं. ते काम लाल पासपोर्टवाल्यांना, म्हणजे जर्मन नागरिकांना करू दे. लहान गावातल्या मोर्चाला जायचं झालं तर एकट्याने कधीही जायचं नाही. ठरवून एका गाडीने, एका डब्यातून जायचं आणि तसंच परत यायचं. मारहाण मोर्चात होत नाही रे, ती परतताना स्टेशनवर होते.

आता फरक पडतो का ते. ऑगस्ट २०१८, इथला शहराचा उत्सव. रविवारी पहाटे भोसकाभोसकीत एका माणसाचा जीव गेला, संशयित निर्वासित. सोमवारी संध्याकाळी निशेलसमोर हजारो जमले, हात वर करून नाझी सलाम ठोकणारेही त्यात. त्याच रात्री इथल्या शालोम नावाच्या ज्यू रेस्टॉरंटवर दगडफेक झाली. माझी दुपारपाळी होती, साडेनऊला सुटणार. ट्रामने कशी जाणार या विचाराने मी कपडे बदलायच्या खोलीत नुसतीच बसून राहिले होते. आमच्या वॉर्डातल्या एका ठोंब्या दिसणाऱ्या बाईने, जिने मला दोन वर्षांत 'गुड मॉर्निंग'पलीकडे काही म्हटलं नव्हतं, ड्यूटीच्या तक्त्यामागचा कोरा कागद काढला, रेघा मारल्या आणि दाराला लावला. डावीकडे गाडी असलेल्यांची नावं, उजवीकडे आमची : मी, दोन व्हिएतनामी, एक सीरियन डॉक्टर. कोण कुणाला कधी सोडणार. तो कागद तीन आठवडे दारावर होता. ती बाई मोर्चाला कधी गेली असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या सोमवारी, ३ सप्टेंबरला, ती मोठी मैफल झाली. 'आम्ही जास्त आहोत' असं तिचं नाव. ६५,००० लोक आले, अडीच लाखांच्या आतल्या गावात! मीही होते. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण मंगळवारी सकाळी बर्लिनचे बर्लिनला आणि लाइपझिगचे लाइपझिगला गेले. राहिलो आम्ही, आणि राहिले तेही. बापू म्हणतात ते इथपर्यंत बरोबर आहे. मोर्चा म्हणजे वरात, संसार मंगळवारपासून.

त्या मंगळवारचं काम कुठे छापून येत नाही. आमच्याकडे पंधरावीस जण महिन्यातून एकदा जमतो, निम्म्या आज्या. कुठल्या शाळेबाहेर कोण पत्रकं वाटतंय, कुठल्या कुटुंबाला कोर्टात सोबत हवीय, कुणाच्या दारावर काय रंगवलंय. चर्चा रटाळ असते. एकदा केकची टेबलं उजवीकडे लावायची की डावीकडे यावर चाळीस मिनिटं गेली, मी घड्याळ बघितलं होतं. पण ती बैठक दर महिन्याला होतेच. पोरांना फुटबॉल खेळायला, गाणी ऐकायला, गॅरेजमध्ये बिअर प्यायला बोलावून समोरचे जे काम वर्षानुवर्षं करत आलेत, त्याला एका शनिवारची घोषणा पुरत नाही.

डोकं चालवलेली दोन उदाहरणं सांगते, मला फार आवडतात. ओस्ट्रित्स, पोलंडच्या सीमेवरचं एवढंसं गाव. जून २०१९ मध्ये तिथे नवनाझींचा संगीत महोत्सव होता. कोर्टाने दारूबंदी घातली, पोलिसांनी चार हजार लिटरहून जास्त बिअर जप्त केली. मग हे लोक गावातल्या सुपरमार्केटकडे वळणार हे उघड होतं, म्हणून गावकऱ्यांनी आधीच जाऊन तिथली बिअर उचलली, शंभरावर क्रेट. फळी रिकामी! दुसरं वुन्झिडेल, बापूंच्याच बव्हेरियातलं. हिटलरचा साथीदार हेस तिथे पुरला होता म्हणून दरवर्षी संचलन व्हायचं. २०१४ मध्ये गावाने अडवलंच नाही. व्यापाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलं की हे जितके मीटर चालतील तितके दहा-दहा युरो, आणि ते पैसे नवनाझी गटांतून बाहेर पडणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेला. रस्त्यावर मीटरच्या खुणा, वाटेत केळी ठेवलेली, शेवटी 'अभिनंदन, दहा हजार युरो जमवलेत' असा फलक. बिचारे स्वतःच्याच विरोधात चालून दमले.

सगळं असं गमतीचं नसतं. इथून जवळच त्स्विकाऊ आहे. एनएसयू नावाच्या नवनाझी टोळीने २००० ते २००७ मध्ये दहा माणसं मारली, त्यातले आठ तुर्की मुळाचे, एक ग्रीक, एक पोलीस बाई. आणि पोलीस तेवढी वर्षं मेलेल्यांच्याच घरच्यांवर संशय घेत राहिले. त्या टोळीतले तिघे आधी केम्नित्समध्ये, मग त्स्विकाऊत लपून राहिले होते. लपून म्हणजे काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांत उठबस होती. पहिला बळी एन्व्हर शिमशेक, फुलं विकणारा. त्याच्या आठवणीत २०१९ मध्ये तिथल्या बागेत ओकचं झाड लावलं, महिन्याभरात कुणीतरी करवतीने कापलं. मग नोव्हेंबरमध्ये एकाऐवजी दहा लावली, प्रत्येकाच्या नावाचं एक. मी बघून आलेय. सुट्टी मिळेल तेव्हा जाऊन ये.

आणि एक टोचेल असं. आपल्या गणपतीत मोदक खाताना 'हे सीरियन लोक आले आणि बिघडलं, आपलं वेगळं, आपण शिकलेले' हे मी दर वर्षी ऐकते. ट्राममधल्या त्या पोरांनी तुझी डिग्री विचारली होती का? सांगलीला आमच्याच सोसायटीत घर भाड्याने देताना आडनाव विचारतात, तेव्हा मीही गप्प बसले होते. ते आठवतं म्हणून इथे जाते, असंही असेल.

तुझ्या शेजारी येऊन बसलेली ती बाई. तेवढंच शिकायला जा.


भिवंडीकर:

ताई, दारावरचा तो कागद वाचून आमचं गाव आठवलं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडी होरपळली होती. नंतर सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या झाल्या. मोहल्ल्यातले दोन्हीकडचे साधे लोक, यंत्रमागवाले, दुकानदार, पोलिसांसोबत नियमित बसायचे. पुढाऱ्यांचा बडेजाव नाही. गटार, नळ, लाऊडस्पीकर, असलेच विषय. १९९२च्या डिसेंबरात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. माझे वडील अशा बैठकांना जायचे आणि कंटाळून घरी यायचे. 'आजपण गटारच', असं म्हणत चप्पल काढायचे. अफवा उठली त्या रात्री कुणाला हाक मारायची हे मात्र त्यांना तोंडपाठ होतं.


बव्हेरियातला_बापू:

माझं मत बदललेलं नाही. वुन्झिडेल ऐकून होतो, केळ्यांचं माहीत नव्हतं.

जाणारच असशील तर पुठ्ठ्याच्या फलकावर प्लास्टिकची पिशवी चढव. शनिवारी पाऊस आहे. काठी पातळ घे, जाड काठ्या पोलीस काढून घेतात.


नाशिकचा_सध्या_परदेशी:

जाऊन आलो. पाऊस होता, बापूंच्या पिशवीबद्दल आभार. दोनशे-अडीचशे लोक असतील. समोरच्या बाजूला साठेक, त्यांच्यात ट्राममधला एक पोरगा होता की नाही ते मी बघायचंच टाळलं. घोषणा मला अर्ध्या कळल्या. आजींनी माझं कोपर धरून ठेवलं होतं, आधारासाठी की मी पळू नये म्हणून, विचारलं नाही. फोटोत कुणाचे चेहरे येऊ देऊ नकोस असं त्यांनी सांगितलं, म्हणून इथे फोटो टाकत नाही. नंतर थर्मासमधला चहा, अगोड. आईला रात्री फोन करून ट्रामचंसुद्धा सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'त्या आजींना तिळगूळ पाठवते.'

पण खरं काम रविवारी सकाळी निघालं. आजी सात वाजता दारात, हातात शेगडीची काच खरवडायची पट्टी आणि रबरी हातमोजे. आमच्या ट्रामच्या थांब्यावर अतिउजव्यांचे स्टिकर लागलेत, ते काढायचे. नखाने काढायचं नाही, खाली ब्लेडचा तुकडा लावलेला असू शकतो, असं म्हणाल्या. एका तासात अकरा निघाले. बारावा वेळापत्रकाच्या काचेवर होता. कागद गेला, गोंद तसाच राहिला, आणि त्या चिकट चौकोनामागे नेमकी माझ्या ट्रामची वेळ आहे. आजी म्हणतात स्पिरिट, पण काचेला नाही, फ्रेमच्या प्लास्टिकला लागेल अशी भीती वाटते. कुणाला काही ठाऊक आहे का?


मिरजवाली_सिस्टर:

खोबरेल तेल. बोटाने लाव, दहा मिनिटं थांब, मग जुन्या फडक्याने पूस. थंडीत बाटलीत गोठलेलं असेल, कोटाच्या आतल्या खिशात घालून ने.