सोलापूरच्या उन्हात कोट घालू का?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सोमवारी मुंबईचे खरेदीदार येतायत. पारा 42 वर गेलाय. कोट घालावा का?

शिंपीकाका: कोट नकोच, बाळा. फिकट सुती फुल शर्ट, गडद पँट. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं शिरली पाहिजेत, बाही मनगटाच्या हाडापर्यंत. टेरीकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड) तर अजिबात नको, घामानं पाठीला चिकटतं. पट्टा-बूट एकाच रंगाचे.

दुसरे: शर्ट पांढराच घ्या. टॉवेलचे उडणारे बारीक तंतू गडद कापडावर लगेच दिसतात. कारखाना दाखवताना माझा काळा शर्ट पार माखला होता.

प्रश्नकर्ता: काका, नवी पेठेतून कापड आणतो. शनिवारपर्यंत शिवाल?

शिंपीकाका: शिवतो की! आधी रात्रभर भिजव, सुती आटतं.