कसर लागलेला फिट्झरॉयचा जुना लोकरी जंपर: कसा जपावा? सल्ला हवा आहे

यारातीर:
नमस्कार. आम्ही मेलबर्नला राहतो आणि माझे यजमान इथल्याच कुटुंबातले आहेत. सासऱ्यांचे घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचा लहानपणीचा फुटबॉलचा जंपर सापडला. (ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये जर्सीला जंपर म्हणतात, कारण पूर्वी ती खरोखरच जाड लोकरीची असे.) मरून आणि निळा, म्हणजे फिट्झरॉय क्लबचे रंग. पाठीवर पांढऱ्या कापडाचा २ हा आकडा हाताने शिवलेला आहे, कारण त्या काळी मुलांच्या जंपरवर आवडत्या खेळाडूचा क्रमांक आईच शिवून देत असे, आणि सासऱ्यांचा खेळाडू होता केव्हिन मरे. आकड्याच्या वरच्या भागातले टाके अगदी बारीक आणि एकसारखे आहेत. खालच्या आडव्या रेघेवरचे मात्र मोठे आणि तिरके. आजेसासूबाईंचे काम शुक्रवारी रात्री अर्धवट राहिले आणि शनिवारी दुपारी सामना होता, म्हणून ती रेघ बारा वर्षांच्या सासऱ्यांनी स्वतः शिवली, असे ते सांगतात.

दोन्ही बाह्यांना कसर लागली असून काखेजवळ बोट जाईल एवढी भोके पडली आहेत. जंपर धुवावा का, रफू करून घ्यावा का, आणि काचेच्या चौकटीत लावून भिंतीवर टांगला तर चालेल का? माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला तो एकदा तरी अंगात घालायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रेशीमगाठ:
ताई, सर्वांत आधी एक विनंती: जंपर धुऊ नका. गरम पाणी आणि चोळणे यांमुळे जुनी लोकर आटते व नमद्यासारखी घट्ट होते, शिवाय मरून रंग पांढऱ्या आकड्यावर उतरला तर तो परत काढता येत नाही. मी जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम करते आणि धुण्याने बिघडलेली वस्त्रे कसरीने खाल्लेल्या वस्त्रांपेक्षा अधिक पाहिली आहेत.

पहिले काम कसर मारण्याचे. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेली जागा तिला विशेष आवडते; काखेजवळची भोके बहुधा त्यामुळेच असतील. जंपर पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, लोकरीवर नाही. कडुलिंबाच्या पाल्यावर विसंबू नका, त्याने अंडी मरत नाहीत. डांबराच्या गोळ्यांचा वास तर वर्षानुवर्षे जात नाही.

त्यानंतर आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या घड्यांमध्ये घालून जंपर खोक्यात आडवा ठेवा. आपल्याकडे पैठणी मलमलीत ठेवून अधूनमधून घडी बदलतात, तेच तत्त्व इथे लागू आहे. टांगल्यास लोकर स्वतःच्या वजनाने खांद्यांशी ताणली जाते. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, म्हणून कायमची चौकट मला पसंत नाही.

सुईदोरा:
रफूबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मोठ्या भोकांच्या कडा उसवत राहतात, त्यामुळे आतून त्याच रंगाच्या पातळ कापडाचा आधार देऊन बारीक धाग्याने हलके टाके घालावेत, मात्र डिंक किंवा इस्त्रीने चिकटणारे अस्तर मुळीच वापरू नये. आकड्याच्या त्या तिरक्या टाक्यांना मात्र कोणालाही हात लावू देऊ नका, कारण रफूगार सवयीने ते सरळ करून टाकील आणि जंपरवरची सर्वांत मोलाची गोष्ट जाईल.

पश्चिमस्टँड:
मी गेली तीस वर्षे इथला फुटबॉल पाहतो आहे, म्हणून वस्त्राविषयी न बोलता सासऱ्यांविषयी बोलतो. केव्हिन मरे फिट्झरॉयसाठी ३३३ सामने खेळले आणि १९६९ मध्ये त्यांना ब्राउनलो पदक (हंगामातील सर्वोत्तम आणि खिलाडूवृत्तीच्या खेळाडूला मिळणारे) मिळाले. संघ बहुतेक वर्षे हरत असताना ते खेळत राहिले, म्हणूनच त्या पिढीला ते इतके जवळचे वाटतात. सासऱ्यांच्या वडिलांनी फिट्झरॉयच्याच हेडन बंटनना खेळताना पाहिले असण्याचीही शक्यता आहे. बंटन यांनी १९३१, १९३२ आणि १९३५ अशी तीन ब्राउनलो पदके मिळवली, आणि त्याच संघात डग निकल्स हे आदिवासी खेळाडू होते, जे पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. घरात ही नावे कोणी कोणाला सांगितली, हे सासऱ्यांना विचारा आणि त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करा, शक्यतो जंपर त्यांच्या हातात देऊन, कारण लोकरीचा स्पर्श झाला की माणसाला नुसत्या प्रश्नांनी न आठवलेले पुष्कळ आठवते.

१९९६ चा विषय आपण होऊन काढू नका. त्या वर्षी फिट्झरॉयचा शेवटचा सामना १ सप्टेंबरला पर्थमध्ये झाला आणि क्लब ब्रिस्बेनच्या क्लबमध्ये विलीन झाला. ज्यांचा क्लब असा गेला त्यांना अजूनही ते घरातले माणूस गेल्यासारखे लागते. मात्र फिट्झरॉय हे नाव २००९ पासून हौशी संघटनेच्या स्पर्धेत, क्लबच्या ब्रन्सविक स्ट्रीटवरील जुन्या मैदानावर, पुन्हा खेळत आहे. १८८८ चा लाकडी स्टँडही तिथे उभा आहे. शनिवारी त्यांना तिथे घेऊन जा.

यारातीर:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. जंपर कालपासून फ्रीझरमध्ये आहे. बंटन यांचे नाव काढताच सासरे म्हणाले की त्यांच्या वडिलांनी त्यांना खरोखर पाहिले होते, आणि पुढचा अर्धा तास ते एकटेच बोलत होते; मी ध्वनिमुद्रण केले आहे. जंपर घालण्याऐवजी मुलगा आता तसाच नवा शिवून मागतो आहे. शेवटची रेघ मी स्वतः शिवेन, असे त्याने आजोबांना सांगितले आहे. त्या मैदानावर येत्या शनिवारी सामना आहे का, हे कोणी सांगू शकेल का?