मदत हवी आहे: नववीला 'धाराविद्युत' शिकवताना सिम्युलेशन आधी की प्रत्यक्ष प्रयोग आधी?

नमस्कार.

मी पुण्यातील हडपसर भागातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. मागच्या वर्षी शाळेला एका कंपनीच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीतून एक मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनेल (स्पर्शाने चालणारा पडदा) मिळाला आणि यंदा नववीचा 'धाराविद्युत' हा पाठ मी प्रथमच पूर्णपणे त्याच्या आधाराने शिकवला. पाठ संपल्यावर जे दिसले त्याने मी थोडी गोंधळून गेले आहे, म्हणून येथील अनुभवी शिक्षकांचा आणि जाणकारांचा सल्ला हवा आहे. लेखन लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडणाऱ्या 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक मंचावरील चित्रफिती मी पूर्वी दाखवत असे. मुले त्या मन लावून पाहतात, परंतु पाहून झाल्यावर एखादा प्रश्न विचारावा तर वर्ग चिडीचूप. म्हणून यंदा कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातील परिपथ जोडण्याचे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, घेतले. (नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प विनामूल्य आहे आणि सिम्युलेशनची फाइल एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली की इंटरनेट लागत नाही. आमच्याकडील वाय-फायचा लहरीपणा पाहता हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो.) त्यात परिपथ पूर्ण होताच तारेतले इलेक्ट्रॉन निळ्या ठिपक्यांच्या रूपात सरकू लागतात आणि परिपथ तोडला तरी ते तारेत असतातच, केवळ जागच्या जागी थांबतात. घटातून काहीतरी निघून रिकाम्या तारेतून दिव्यापर्यंत पोहोचते, ही मुलांच्या मनातली घट्ट समजूत इतक्या सहज ढिली झालेली मी माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आम्ही प्रयोगशाळेत गेलो. ५८ मुले, सहा टेबले, प्रत्येक टेबलावर दोन घट, टॉर्चचा एक बल्ब आणि प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारा. पॅनेलवर सर्वांत चपळपणे परिपथ जोडणारी मुलगी तारेचे टोक बल्बच्या काचेला टेकवून बसली होती. तिच्या शेजारच्या मुलाने टोक योग्य जागी लावले होते, पण आवरण सोललेच नव्हते, आणि बराच वेळ दिवा लागेना तेव्हा त्याने गंभीरपणे विचारले, "बाई, हे हँग झालंय का?" मला हसू आले, पण चूक माझी होती. पडद्यावर तारेचे टोक दिव्याजवळ नेले की ते आपोआप चिकटते. तारेचे आवरण सोलावे लागते किंवा बल्बच्या तळाचा ठिपका आणि बाजूची आटेदार कड ही त्याची दोन वेगळी टोके आहेत, हे तेथे कोणाला शोधावेच लागत नाही.

याहून अवघड प्रसंग अमीटरचा, म्हणजे विद्युतधारा मोजणाऱ्या मीटरचा. सिम्युलेशनमध्ये दिव्याच्या आधी आणि नंतर विद्युतधारा मोजली, तर दोन्हीकडे दशांशासह तेच मूल्य येते, आणि वर्गाने ते मान्यही केले होते. टेबलावर मात्र दिव्याच्या दोन्ही बाजूंना शाळेतले जुने अमीटर जोडले, तेव्हा घटाच्या धन टोकाकडचा २४० मिलीअँपिअर दाखवू लागला आणि दुसरा २२०. मागच्या बाजूने लगेच आवाज आला, "बघा बाई, वीस दिव्याने खाल्ले!" मीटर जुने आहेत, त्यांच्यात थोडी त्रुटी असायचीच, असे मी सांगितले खरे, परंतु ते कोणाला पटलेले दिसले नाही. पडद्यावरचे उत्तर परीक्षेत लिहायचे आणि टेबलावरचे खरे, अशी वाटणी मुलांनी मनातल्या मनात करून टाकली असावी.

आता संस्था पुढील वर्षासाठी २० टॅब घेण्याच्या विचारात आहे आणि मुख्याध्यापकांनी त्यावर माझा लेखी अभिप्राय मागितला आहे. सिम्युलेशन आधी घ्यावे की प्रत्यक्ष प्रयोग, अमीटरसारखा प्रसंग आला तर तो कसा हाताळावा, आणि टॅबसाठीची रक्कम प्रयोगसाहित्यावर खर्च करावी असे सुचवणे कितपत योग्य ठरेल, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

बाई, मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझ्या काळी पॅनेल नव्हता, त्यामुळे त्याविषयी बोलत नाही. अमीटरविषयी मात्र सांगतो, कारण त्या वीस मिलीअँपिअरनी मलाही अनेक वर्षे छळले आहे. मीटर जुना आहे हे आपण सांगितले, तर ती मुलांच्या दृष्टीने शिक्षकाची सबब ठरते. त्याऐवजी दोन्ही अमीटरांची अदलाबदल करा. फरक मीटरबरोबर दुसऱ्या बाजूला जातो की दिव्याच्या त्याच बाजूला राहतो, याचा अंदाज प्रत्येकाने आधी वहीत पेनाने लिहायचा (पेन्सिलीने लिहू दिल्यास नंतर खोडरबर चालतो) आणि मगच स्विच दाबायचा. स्विच दाबण्यापूर्वी, धारा वाहत नसताना काटे शून्यावर आहेत का, हेही मुलांकडूनच तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट. ओहमचा नियम (विभवांतर दुप्पट केले की धाराही दुप्पट) पडताळण्यासाठी टॉर्चचा बल्ब वापरत असाल तर तो वापरू नका. तंतू तापला की त्याचा रोध वाढतो, त्यामुळे घट दुप्पट केले तरी धारा दुप्पट होत नाही आणि मुले ओहमलाच चुकीचे ठरवतात. २२ ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर घ्या. एका घटावर साधारण ६८ आणि दोन घटांवर साधारण १३६ मिलीअँपिअर मिळावेत. घट जुने असतील तर थोडे कमी. एलईडी तर या पाठाला नकोच. तो एकाच दिशेने धारा जाऊ देतो आणि ठरावीक विभवांतराखाली लागतही नाही.

प्रतिसाद २

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. कोलोरॅडो विद्यापीठातच झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, परिपथांच्या प्रात्यक्षिकाला सिम्युलेशन वापरलेले विद्यार्थी नंतर खरे परिपथ जोडण्यातही खरी साधने वापरलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले होते. त्यामुळे पडदा आधी आल्याने हात बिघडतो, असे सरसकट म्हणता येणार नाही. मात्र ते विद्यापीठातील विद्यार्थी होते. तार सोलायची असते हे त्यांना ठाऊक असणार, आपल्या नववीतल्या मुलांना ते ठाऊक नाही, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मी सुचवेन की पहिला तास टेबलावरच घ्यावा आणि त्यात मीटर नसावेत. एक घट, एकच तार, एक बल्ब आणि होल्डर नाही. एवढ्यावर दिवा लावून दाखवा, असे सांगून आपण गप्प बसावे. होल्डर असला की बल्बची दोन टोके त्यात लपतात. सिम्युलेशन त्यानंतर आणावे, कारण आतले जे टेबलावर कधीच दिसणार नाही ते तेथे दिसते, आणि मीटर घेऊन टेबलाकडे परत शेवटी यावे. आवरण सोलण्याचे महत्त्व पटवण्यासाठी घट, सेफ्टी पिना, चुंबक आणि इनॅमलचा विद्युतरोधक लेप असलेल्या तारेची गुंडाळी यांपासून होणारी छोटी मोटर करून घ्यावी. एका टोकाचे इनॅमल पूर्ण आणि दुसऱ्या टोकाचे केवळ अर्ध्या बाजूचे खरवडले तर ती फिरत राहते. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना अरविंद गुप्ता यांनी अशी कितीतरी खेळणी मुलांच्या हाती दिली. क्रोकोडाइल क्लिपा आणि रेझिस्टर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात सहज मिळतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल दुसऱ्या तुकडीत अमीटरांची अदलाबदल करून पाहिली. ४१ मुलांनी फरक दिव्याच्या त्याच बाजूला राहील, असे लिहिले होते. स्विच दाबल्यावर धन टोकाकडे २२० आणि दिव्याच्या पलीकडे २४० आले, तेव्हा क्षणभर कोणीच बोलले नाही आणि मग एकाने विचारले, "म्हणजे आता दिव्याने वीस परत ओकले का?" वर्ग हसला, पण त्याच हशात एका मुलीने दोन्ही मीटर मध्ये दिवा न ठेवता शेजारीशेजारी जोडून पाहूया असे सुचवले. ही सूचना मला सुचलेली नव्हती, हे मान्य करते. मध्ये काहीच नसताना फरक वीसचाच राहिला. त्यानंतर मुलांनी आपण होऊन सिम्युलेशन पुन्हा उघडायला लावले आणि तेथील मीटरमध्ये त्रुटी का नसते, यावर तास संपेपर्यंत वाद घातला.

मुख्याध्यापकांना २० ऐवजी ८ टॅब घ्यावेत आणि उरलेल्या रकमेत १२ गटांना पुरतील इतके परिपथ संच, तसेच चांगले अमीटर घ्यावेत, असा अभिप्राय लिहून दिला आहे. रेझिस्टर मिळाले. टॉर्चचे २.५ व्होल्टचे जुन्या पद्धतीचे बल्ब मात्र तपकीर गल्लीतील तीन दुकाने पालथी घालूनही मिळाले नाहीत. सगळीकडे एलईडीच पुढे केला जातो. पुण्यात ते ठोक भावाने कोठे मिळतात, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. मला किमान ४० हवे आहेत.