'डिसायपल' दीडपट वेगाने पाहून त्याला 'दीड' मार्क!

विलंबित:
'घरी नुकतंच काय पाहिलं' या चर्चेत परवा उकडीचा मोदक यांनी लिहिलं होतं: "द डिसायपल पाहिला. दीडपट स्पीडवर टाकूनही संपेना. माणूस रात्रीची बाईक चालवतो, मागून बाई बोलते, परत बाईक. शेवटी ट्रेनमध्ये कोणीतरी गातो आणि खेळ खलास. पाचपैकी दीड."

दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

मोदकताई, सिनेमा न आवडणं हा तुमचा हक्क. मलाही तो शरद नेरुळकर, शास्त्रीय गाणं शिकणारा सिनेमाचा नायक, मधेमधे असह्य होतो, धरून दोन द्याव्याशा वाटतात. पण तुम्ही पाहिलात तो हा सिनेमाच नव्हे. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी दोन तास आठ मिनिटांचा केला, तुम्ही पंच्याऐंशी मिनिटांत उरकलात आणि मार्क मात्र त्यांचे कापलेत. पुरण अर्धंकच्चं उतरवायचं आणि डाळीला नावं ठेवायची, त्यातली गत.

त्या बाईकच्या दृश्यात काय आहे? रिकामा रस्ता, मुद्दाम संथ केलेली चाल, कानात हेडफोन आणि त्यात माईंची, म्हणजे शरदच्या गुरुजींच्या गुरूंची, व्याख्यानं. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे. सिनेमा ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला, सुमित्राताई १९ एप्रिललाच गेल्या होत्या. आम्ही दोघांनी लॉकडाऊनमध्ये दिवे घालवून पाहिला. तो आवाज सुरू झाला आणि हिने माझा हात धरला. तो आवाज ज्या लयीत येतो तीच त्या दृश्याची लय. तो दीडपट केलात की माई उरत नाहीत, फलाटावरची घोषणा उरते.

गाण्याचं तर विचारूच नका. विलंबित एकतालाचं मिनिटभराचं आवर्तन चाळीस सेकंदांत उरकणार, सूर वर चढून चिपमंक होणार. गुरुजी झालेले अरुण द्रविड किशोरीताई आमोणकरांकडे शिकलेले, शरद झालेला आदित्य मोदक स्वतः गाणारा. पडद्यावर नट न घेता गवई बसवले ते कशासाठी? व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं ते दीडपट पाहून नव्हे.

साउंडवाला:
काका, एक तांत्रिक दुरुस्ती. सूर चढत नाहीत. हल्ली वेग वाढवला तरी सॉफ्टवेअर पट्टी जागेवर ठेवतं. चिपमंक कॅसेटच्या जमान्यात व्हायचे. बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चाळकरी:
पारितोषिक आलं का मधे! मला वाटलं होतं, तिसऱ्या परिच्छेदाच्या आत येईल. जरा उशीर झाला.

मी एकपटीने पाहिला, अख्खा पाहिला आणि तरीही कंटाळलो. आता काय म्हणणार? माझ्यासोबत आई होती. "तो" सीन आला तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेलो, परत आलो तरी सीन चालूच. तिथे दीडपटीचं बटण सापडलं असतं तर देव पावला असता.

उकडीचा मोदक:
विलंबितकाका, नमस्कार. दिवे घालवून पाहिलात, हात धरलात, छान वाटलं वाचून. आता माझं ऐका.

घरात सासरे दीड वर्षापासून अंथरुणाला. दिवसाची बाई सहाला जाते, ती गेली की मी. त्यांचं जेवण, औषधं, कूस बदलून देणं होऊन रात्री साडेदहाला ओटा आवरायला घेते. मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवते आणि भांडी होईस्तोवर जे होईल ते बघते. हा सिनेमा चार रात्रीत झाला. त्यात दोनदा बेल वाजली आणि एकदा दूध उतू गेलं. दीडपट केला नसता तर सहा रात्री लागल्या असत्या, आणि तोवर शरद कोण आणि त्याचे गुरुजी कोण हे मी विसरले असते.

तुमचं म्हणणं असं, की ज्याला सलग दोन तास आठ मिनिटं मिळत नाहीत त्याने मत देऊ नये. मग तसं स्पष्ट लिहा ना. खाली मतदारांसाठी पात्रतेच्या अटी पण टाका.

रियाजी मांजर:
मोदक, +१००. पण मला वेगळंच बोलायचंय. सगळे लयीवर घसरलेत, त्या पाय चेपण्यावर कोणीच काही लिहीत नाही. गुरुजींना औषध द्या, अंग चोळा, दवाखान्यात न्या, पदरचे पैसे घाला, आणि मैफलीत चार लोकांसमोर कान उपटून घ्या. मी सात वर्षं एकांकडे शिकत होते. त्यातली दोन वर्षं खरं सांगायचं तर त्यांच्या घरच्या भाजीच्या पिशव्या उचलण्यात गेली. नवव्या महिन्यात यमनचा पहिला आलाप, तोही त्यांच्या मुलीने शिकवला. सोडताना म्हणाले, "तुझ्यात धीर नाही." हा सिनेमा पाहून दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि लोक त्याला 'साधनेची गाथा' म्हणतात!

विलंबित:
सिनेमा त्या परंपरेची आरती करत नाही हेच तर मी म्हणतोय! बारमधला तो जुन्या रेकॉर्डिंगचा संग्राहक माईंबद्दल काय काय सांगतो, आणि शरद ग्लासातलं त्याच्या तोंडावर फेकतो. फेकतो कारण त्याला ते खोटं वाटत नाही. हे निवांत पाहिलं तरच कळतं.

मोदकताई, तुमच्या अडचणींबद्दल आदर आहे. पण अडचण ही समीक्षा नव्हे.

उकडीचा मोदक:
बारचा सीन मला कळला. दीडपटीत. मला तर संपूर्ण सिनेमात तोच आवडला. मार्क त्याचेच आहेत, पूर्ण दीड.

हेकट:
विलंबितराव, तुमच्या मुद्द्यातच भोक आहे. लय आखडली की संगीत मेलं म्हणता, मग तुमच्या कपाटातल्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचं काय? एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. तासभराचा राग त्यात कोंबला सगळ्यांनी. गोहरजान १९०२ मध्ये कलकत्त्यात अशाच तबकडीसाठी गायली आणि शेवटी स्वतःचं नाव सांगून मोकळी झाली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या तबकड्या ऐकून तुमचे डोळे पाणावतात की नाही? मग दीडपट म्हणून तुमचा धर्म कसा बुडाला?

विलंबित:
ते गवयाने स्वतः आखडलं होतं. काय ठेवायचं, काय सोडायचं ते त्याने ठरवलं. बटण ऐकणाऱ्याच्या हातात नव्हतं. फरक कळत नसेल तर कठीण आहे.

मांडवीकाठ:
गायिका केसरबाई केरकरांचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. आमच्या गोव्यातल्या केरीच्या. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, आणि ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत महाकडक. सिनेमातल्या माई रेकॉर्डिंग करू देत नाहीत, ते पाहून मला पहिल्यांदा बाईच आठवल्या. (माई नक्की कुणावरून घेतल्या हा खेळ मात्र कृपया सुरू करू नका. माईंचं अलवार घराणं काल्पनिक आहे, तिथेच थांबा.) त्या बाईंची 'जात कहाँ हो' १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर तबकडीवरून अवकाशात गेली. भैरवी, साडेतीन मिनिटं. यानं ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. विश्वात माणसाची ओळख म्हणून जी गेली तीही 'आखडलेलीच' गेली हो.

साउंडवाला:
आता खरी मजा. यानावरची ती सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे, एलपीच्या बरोबर निम्म्या वेगाने. वेग कसा लावायचा ते तिच्या वेष्टनावर चित्रात कोरलंय. परग्रहावरच्या कुणी ते चित्र नीट न बघता एलपीसारखी ३३ वर लावली, तर केसरबाई दुप्पट. मोदकताईंची दीडपट त्यामानाने फारच सभ्य.

चाळकरी:
पृथ्वीवरचं भांडण मंगळाच्या पुढे गेलं. धागा सार्थकी लागला.

रियाजी मांजर:
हसताय काय, आमच्या घरी हे रोज व्हायचं. बाबांचा टेपरेकॉर्डर जुना, आतला रबरी पट्टा सैल. कॅसेट हळू फिरायची, पट्टी उतरायची. मी त्यावर ऐकून ऐकून एक अख्खा अभंग बसवला आणि क्लासमध्ये पेटीवर सूर सापडेना. काळी दोन नाही, पांढरी तीन नाही, दोघांच्या मधे कुठेतरी. गुरुजींना वाटलं मी बेसूर. मार खाल्ला तो पट्ट्याचा, दोन्ही अर्थांनी.

हेकट:
बघा! तबकड्यांवर ७८ लिहिलेलं असायचं, पण सुरुवातीच्या काळात नेमका वेग कंपनीगणिक वेगळा, कधी तबकडीगणिक. म्हणजे खाँसाहेब नक्की कुठल्या पट्टीत गायले याची सुद्धा शपथ घेता येत नाही. आणि हे इकडे 'मूळ वेगाचं' सोवळं नेसून बसलेत.

विलंबित:
हेकट, गेली सहा वर्षं तुम्ही माझ्या प्रत्येक लिखाणाखाली हेच करता. विषय काही असो, तुम्हाला मला सोवळ्यात बसवायचं असतं. तुम्ही स्वतः सिनेमा पाहिलाय का? एका शब्दात उत्तर द्या.

हेकट:
नाही.

चाळकरी:
😂😂 उठा आता. दिवे लावा.

हेकट:
पाहिला नाही म्हणून तबकडीचा मुद्दा खोटा ठरत नाही. आणि पाहणार कुठे होतो? आमच्या गावातलं थिएटर बंद होऊन तिथे लग्नाचा हॉल झाला. हा सिनेमा थेट मोबाइलवर आला. ज्या सिनेमाच्या नशिबीच सहा इंचाचा पडदा, त्याने तेलाच्या डब्याला का लाजावं? २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सवाल्यांना दुपारी बारा ते रात्री नऊमध्ये मराठी खेळ ठेवायला सांगितलं तेव्हा केवढा गहजब! आमच्याकडे मल्टिप्लेक्सच नाही, तर प्राइम टाइम कसला डोंबलाचा.

साउंडवाला:
काकांची बाजू थोडी घेतो, शिव्या नंतर द्या. पट्टी बदलत नाही हे खरं, पण सॉफ्टवेअर वेळ कापतं म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे काढून उरलेले जोडतं. बोलण्यात ते खपून जातं. तंबोऱ्यात नाही खपत. तारेची आस लांबत जाते ना, ती मधेच चिरल्यासारखी होते. मींडेचंही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचंही, तेच. आणि या सिनेमात तंबोरा जवळजवळ सतत आहे. भांड्यांच्या आवाजात आणि फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येणार नाही, मग खाली उरते नुसती बाईक. मोदकताईंना बाईकच दिसली यात काही नवल नाही.

उकडीचा मोदक:
म्हणजे चूक माझी नाही, स्पीकरची. बघा काका, किती सभ्य भाषेत सांगता येतं.

विलंबित:
ठीक आहे. सूर चढतात हे मी चुकीचं लिहिलं, मागे घेतो. 'चिपमंक' पण मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. तुमच्या सासऱ्यांबद्दल मात्र... माझ्या आईचं शेवटचं दीड वर्ष हिनेच केलं. तेव्हा ही काय बघायची, कुठल्या वेगाने, मी कधी विचारलं नाही. आत्ता तुमचं वाचून हिला विचारलं. म्हणाली, "काहीच नाही. रेडिओ लावायचे, तो तरी पळत नाही."

रियाजी मांजर:
काकूंना इथे आणा. काका निवृत्त झाले तरी चालतील.

उकडीचा मोदक:
काल रात्री सासऱ्यांना लवकर झोप लागली. इअरफोन घालून शेवटची वीस मिनिटं आणि एक बाईकवाला तुकडा परत पाहिला. एकपटीने. बाईक अजूनही लांबच आहे, यावर ठाम आहे. माईंचा आवाज मात्र आधी ऐकलाच नव्हता असं वाटलं, ते बोलणं इतकं थंड असेल असं वाटलं नव्हतं. ट्रेनमधला गाणारा पण आत्ता नीट ऐकला. शरद बायको-मुलीबरोबर बसलाय आणि तो समोरून गात जातो. पहिल्यांदा नेमकी तेव्हाच बेल वाजली होती.

अडीच मार्क. याच्या वर एक पैसा मिळणार नाही.

विलंबित:
वेगाबरोबर मार्क वाढले याची नोंद घेतो. आता ताम्हाणेंचा आधीचा 'कोर्ट' पाहा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला.

चाळकरी:
आला, पुरस्कार आला.

उकडीचा मोदक:
'कोर्ट' किती वेळाचा आहे?

विलंबित:
एक तास छप्पन्न मिनिटं.

उकडीचा मोदक:
म्हणजे सव्वा तास. या आठवड्यात होईल.