परदेशी पासपोर्टवर भारतात राहणाऱ्यांचं आधार: १८२ दिवस, फॉर्म ७ आणि जुना नंबर

उंबरठा:
भाऊ, वहिनी आणि चार वर्षांचा भाचा पुण्यात कायमचे राहायला आलेत. तिघांची कागदपत्रं तीन तऱ्हेची आहेत. भाऊ आधी भारतीय नागरिक होता, आता अमेरिकन. ओसीआय कार्ड आहे (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारं). भारतीय असताना काढलेलं आधारही आहे, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद झाला. वहिनी जर्मन, वर्षभराच्या एंट्री व्हिसावर. भाचा अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय.
१० जून २०२५ ला तिघं आले. मध्ये ५ ऑक्टोबरला बाहेर गेले आणि २७ ऑक्टोबरला परतले. प्रश्न असे:
१८२ दिवस सलग लागतात का? भावाने नवीन आधार काढायचं की जुनंच चालतं? वहिनीला पत्त्याचा पुरावा कुठला, कारण वीजबिल आमच्या बाबांच्या नावावर आहे? आणि पॅनला आधार जोडलं नाही तर पॅन निष्क्रिय होईल असं बँकेतून सांगतात, ते यांना लागू आहे का?

दस्तऐवज_दादा:
पहिलं म्हणजे भावासाठी नवीन नोंदणीचा अर्ज अजिबात भरू नका. आधार एका माणसाला आयुष्यात एकदाच मिळतं, नागरिकत्व बदललं तरी नंबर तोच राहतो. नवीन नोंदणी केली की दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळं आधीच्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली जातात, जुनी नोंद सापडते आणि अर्ज 'डुप्लिकेट' म्हणून फेटाळला जातो. पावती हातात असते म्हणून माणूस वाट बघत बसतो आणि ते महिने फुकट जातात.

त्याने करायचं ते अपडेट. १८ वर्षांवरच्या परदेशी रहिवाशांसाठी फॉर्म ७ आहे, नोंदणी आणि अपडेट दोन्हींसाठी तोच. अपडेटच्या चौकटीत खूण करायची, जुना बारा अंकी नंबर लिहायचा, सोबत अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड मूळ स्वरूपात न्यायचं. त्याच फेरीत मोबाइल आणि ईमेल बदलून घ्या. परदेशी रहिवाशाला ईमेल देणं सक्तीचं आहे, तो रकाना रिकामा ठेवू नका. नंबरच आठवत नसेल तर मोबाइल बंद असल्यामुळे ऑनलाइन शोधता येणार नाही. आधी १९४७ या हेल्पलाइनवर किंवा थेट आधार सेवा केंद्रात विचारा. जुनं आधारपत्र, जुन्या बँकेचे केवायसीचे कागद चाळा, बहुतेकदा नंबर तिथेच सापडतो.

शुल्क: नवीन नोंदणी मोफत. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्याच्या अपडेटला ७५ रुपये आणि बायोमेट्रिक अपडेटला १२५.

जुनं आधार 'भारतीय रहिवासी' म्हणून तसंच वापरत राहणं मला पटत नाही. ओटीपी येतो, सगळं चालतं, म्हणून लोक गप्प बसतात. पण पुढे बँकेत एकीकडे अमेरिकन पासपोर्ट आणि दुसरीकडे भारतीय म्हणून काढलेलं आधार असं दिसलं की केवायसी अडकतं.

मोजपट्टी:
१८२ दिवस सलग लागत नाहीत. आधार कायदा, २०१६ मधली 'रहिवासी'ची व्याख्या अशी: अर्जाच्या तारखेच्या लगेच आधीच्या बारा महिन्यांत एकूण १८२ किंवा अधिक दिवस भारतात मुक्काम. कॅलेंडर वर्ष नाही, आर्थिक वर्ष नाही.

तुमचा हिशोब: १० जून ते ५ ऑक्टोबर ११८ दिवस (२१ + ३१ + ३१ + ३० + ५). २७ ते ३१ ऑक्टोबर ५, नोव्हेंबर ३०, म्हणजे १५३. उरलेले २९ डिसेंबरचे. येण्या-जाण्याचे दिवस धरले तर २९ डिसेंबरला १८२ भरतात. ते तीन प्रवासाचे दिवस कुणी धरले नाहीत तर १ जानेवारीला. काठावर जाऊन खिडकीपाशी वाद घालण्यापेक्षा जानेवारीचा दुसरा आठवडा धरा.

ही बारा महिन्यांची चौकट रोज पुढे सरकते हे लोक विसरतात. आज १८५ दिवस भरले म्हणून निवांत राहिलात, मग सहा-सात महिने परदेशात गेलात आणि आल्यावर अर्ज केला, तर मागच्या टोकाचे दिवस गळून गेलेले असतात. भरले की लगेच अर्ज करा. पासपोर्टवर शिक्का उमटला नसेल तर बोर्डिंग पास किंवा तिकिटं जपून ठेवा. आणि जाताना तारखांचा अर्ध्या पानाचा तक्ता करून न्या, ऑपरेटरला शिक्के वाचत बसायला वेळ नसतो.

ता.क. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयना ही १८२ दिवसांची अट नाही, आल्या आल्या अर्ज करता येतो. 'माझ्या मावसभावाला लगेच मिळालं' छापाचे सल्ले तिथून येतात. ओसीआय म्हणजे एनआरआय नव्हे, ओसीआय हा परदेशी नागरिकच.

खिडकी_चार:
वहिनींचं सांगतो, तिथेच खरी मेख आहे.

एंट्री व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल आणि त्यावर नोंदणीची अट असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, एफआरआरओच्या, पोर्टलवर) नोंदणी झालेली हवी. ती झाली असेल तर रहिवास परवाना हातात असेलच. त्यावरचा पत्ता आणि आधारच्या अर्जातला पत्ता अक्षरशः जुळवा: इमारतीचं नाव, फ्लॅट क्रमांक, पिनकोड. एकीकडे 'कर्वेनगर' आणि दुसरीकडे 'कर्वे नगर, वारजे रोड' असलं की पडताळणीत प्रश्न निघतो. घर बदललं असेल तर आधी एफआरआरओकडे पत्ता बदला, मग आधारचा अर्ज.

बाबांच्या नावावरचं वीजबिल तिच्यासाठी पुरावा म्हणून धरू नका, पुरावा तिच्या स्वतःच्या नावावर हवा. सोपे मार्ग दोन. एक, तिच्या नावाचं बँक खातं. पासपोर्ट, व्हिसा, रहिवास परवाना आणि पॅन यावर ते उघडता येतं. मग फोटोवर बँकेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही असलेलं पासबुक. दुसरा, तिचं नाव असलेला नोंदणीकृत भाडेकरार. पाचशेच्या कागदावर नुसती नोटरी केलेला करार नेऊ नका, महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी बंधनकारक आहे. घरबसल्या होणाऱ्या ई-नोंदणीत आधारचा अंगठा लागतो आणि तिच्याकडे तोच नाही, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दस्त नोंदवावा लागेल. घर तुमचंच असेल तर हा उपद्व्याप कशाला, बँक खातं बरं. वीज किंवा गॅसचं बिल तिच्या नावावर झालंच तर ते तीन महिन्यांच्या आतलं हवं.

मुदतीचं लक्षात ठेवा. व्हिसावरच्या माणसाचं आधार व्हिसा संपेपर्यंतच वैध असतं. व्हिसा वाढला की नवा रहिवास परवाना घेऊन पुन्हा अपडेट, नाहीतर नंबर निष्क्रिय होतो. ओसीआय कार्डधारकाला मात्र नोंदणीपासून १० वर्षं मिळतात. त्यामुळे लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं झाली असतील तर वहिनींनी जोडीदार म्हणून आधी ओसीआय काढावं आणि मग आधारकडे वळावं, असं माझं मत. व्हिसाचे चारच महिने उरले असताना आधार काढणं म्हणजे पुढच्या फेरीची आजच तिकिटं काढणं.

केंद्र निवडतानाही बघा. परदेशी नागरिकांची नोंदणी सगळीकडे होत नाही. पोस्टातल्या किंवा बँकेच्या शाखेतल्या काउंटरवर 'आमच्याकडे फॉर्म ७ होत नाही' असं ऐकून परत यावं लागतं. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) स्वतःच्या आधार सेवा केंद्राची वेळ घ्या.

शुद्धलेखन_संघटना:
नावाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि निम्मे अर्ज तिथेच नासतात.

जर्मन पासपोर्टवर आडनावाखाली 'जीईबी.' असं छापून लग्नाआधीचं आडनाव लिहिलेलं असतं. ऑपरेटर ते सगळं आडनाव समजून टाइप करतो, आणि 'जीईबी' हा तुमच्या वहिनीच्या नावाचा भाग होऊन बसतो. दुसरं, टिंबवाली जर्मन अक्षरं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात टिंबवाल्या 'यू'चं 'यूई' आणि टिंबवाल्या 'ओ'चं 'ओई' होतं. व्हिसा, रहिवास परवाना, पॅन यांवर कुठलं रूप आहे ते बघा आणि आधारवर तेच लिहवून घ्या. तीन कागदांवर तीन रूपं असतील तर आधारच्या आधी ती एक करा.

अमेरिकन पासपोर्टात पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात असतं. आधारमध्ये पूर्ण नाव एका ओळीत जातं, त्यामुळे क्रम तुम्ही सांगायचा: नाव, मधलं नाव, आडनाव.

मराठी नाव संगणक आपोआप घडवतो. परदेशी नावांचं तो काय करेल याचा नेम नाही. अर्जदाराकडे तोंड केलेल्या दुसऱ्या पडद्यावर इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचा, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. पावती छापल्यावरही पुन्हा वाचा. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख आणि लिंग एकदाच. जन्मतारखेला अमेरिकन जन्मदाखला पुढे करू नका. त्यावर आधी महिना आणि मग दिवस असतो, ५ मार्चचा ३ मे होतो. पासपोर्टवर महिना अक्षरांत असतो, तोच द्या.

दस्तऐवज_दादा:
भाच्याचं राहिलं. १८ खालच्या परदेशी मुलांना फॉर्म ८. पाच वर्षांखालचा असल्यामुळे त्याचे ठसे-बुबुळं घेत नाहीत, फक्त फोटो. पण आई किंवा वडिलांना स्वतःच्या आधारने पडताळणी करावी लागते. म्हणून क्रम असा: आधी भावाचं अपडेट पूर्ण, मग मुलाचा अर्ज. मुलाचेही १८२ दिवस मोजतात. अमेरिकन पासपोर्टवर आईवडिलांची नावं नसतात, त्यामुळे नातं दाखवायला जन्मदाखल्याची मूळ प्रत सोबत ठेवा. पाच वर्षं पूर्ण झाली की ठसे द्यावे लागतात, आणि पुन्हा पंधरा पूर्ण झाल्यावर. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात ते मोफत आहे.

करपात्र:
पॅनचं: भारताचे नागरिक नसलेल्यांना पॅन-आधार जोडणीतून ११ मे २०१७ च्या अधिसूचनेने सूट आहे. भाऊ आणि वहिनी दोघंही त्यात बसतात, भारतात राहत असले तरी. बँकेतल्या माणसाला ही सूट माहीत नसते, त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं दिसतात एवढंच.

भावाचं पॅन मात्र भारतीय असतानाचं असणार, तिथे नोंद अजून 'भारतीय नागरिक' अशीच असेल आणि म्हणून ते निष्क्रिय दाखवलं जातं. त्याने पॅनच्या माहितीत नागरिकत्व बदलून घ्यावं आणि पासपोर्ट-ओसीआयच्या प्रती जोडून आपल्या क्षेत्रातल्या कर निर्धारण अधिकाऱ्याला कळवावं. आधार जोडून टाकलं की प्रश्न मिटला, असं करू नका; नोंद चुकीचीच राहते.

एकंदरीत आधारची घाई कशासाठी, हेही विचारा. २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बँक खातं आणि सिमकार्डासाठी आधार सक्तीचं करता येत नाही, पासपोर्ट चालतो. प्राप्तिकर विवरणपत्राची पडताळणी नेटबँकिंगने होते, किंवा सही केलेला आयटीआर-व्ही (विवरणपत्राचा पडताळणी फॉर्म) ३० दिवसांत बेंगळुरूला पाठवून.

खिडकी_चार:
कायद्याने बरोबर, पण मुलाच्या शाळेत जाऊन बघा. सरल पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंद करताना आधार मागतात आणि नसेल तर कारकून दर आठवड्याला फोन करतो. मुलासाठी तरी काढाच.

सीमापार:
याच धाग्यात विचारून घेतो. नेपाळी नागरिकाला व्हिसाच नसतो, मग तो काय दाखवणार?

मोजपट्टी:
नेपाळ किंवा भूतानचा पासपोर्ट. तो नसेल तर दोन कागद एकत्र: त्या देशाचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र, आणि भारतातल्या त्यांच्या दूतावासाने १८२ दिवसांपेक्षा जास्त मुक्कामासाठी दिलेलं मर्यादित मुदतीचं फोटो ओळखपत्र. १८२ दिवसांची अट त्यांनाही आहे, वैधता १० वर्षं.

उंबरठा:
आभार. लग्नाच्या नोंदणीला तीन वर्षं झालीत, म्हणजे वहिनीचं ओसीआय आधी. तोवर भावाचं अपडेट करून घेते. त्यासाठीही १८२ दिवस भरायला हवेत का?

दस्तऐवज_दादा:
फॉर्म ७ परदेशी *रहिवाशासाठी* आहे, त्यामुळे हो, दिवस भरूनच जा. पावतीवरचा चौदा अंकी क्रमांक, तारीख आणि वेळेसकट, फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई उडते आणि स्थिती तपासताना तोच लागतो.