४:२:२ फुटेज अडकतंय: जीटीएक्स १६५० काढून दुसरं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

रीळवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मशिनवर दोन कामं चालतात: लग्नाचं एडिटिंग, आणि मंडप-स्टेजची थ्रीडी मॉडेलं, म्हणजे सजावट कशी दिसेल ते क्लायंटला आधीच दाखवता येतं.

मशीन असं: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ८+८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ४ जीबी, ४५० वॅट एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), ६०० व्हीए यूपीएस. ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि ४ टीबी हार्डडिस्क. सॉफ्टवेअर: एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ २०, थ्रीडीला ब्लेंडर.

फुटेज सोनीचं, एक्सएव्हीसी एचएस (म्हणजे एच.२६५), ४के ५०पी, २०० एम (सेकंदाला २०० मेगाबिट), ४:२:२ १० बिट (४:२:२ मध्ये रंगाचा तपशील ४:२:० च्या दुप्पट साठवला जातो).

त्रास तीन आहेत. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम साधं प्ले केलं तरी गचके बसतात. रात्रीच्या वरातीच्या क्लिपवर नॉइज रिडक्शन लावलं की "जीपीयू मेमरी फुल" येतं. आणि ब्लेंडरमध्ये टेक्श्चर (मॉडेलवर चढवायची चित्रं) वाढले की सायकल्स या रेंडर इंजिनचा रेंडर मेमरी संपली म्हणून मधेच थांबतो.

डोक्यात एनव्हिडियाच्या कार्डांचे तीन पर्याय आहेत: जुन्या बाजारातलं ३०६०, नवं ५०६० किंवा ५०६० टीआय १६ जीबी. ३०६० सगळ्यात स्वस्तात पडतंय. की कार्ड न बदलताच भागेल?

---

कटपॉइंट

कार्डाच्या किमती नंतर बघू. तुमच्या तीन त्रासांचं मूळ एक नाही, आणि पहिल्या त्रासावर ३०६० चा काडीचाही उपयोग होणार नाही.

आधी दहा मिनिटांची तपासणी करा:

१. कलर पेजवर शिफ्ट-डी दाबा. सगळं ग्रेडिंग बंद होईल. आता प्ले करा. गचके गेले तर कार्ड कमी पडतंय. तसेच राहिले तर फुटेज उलगडण्यात, म्हणजे डिकोडिंगमध्ये, किंवा डिस्कमध्ये घोळ आहे.

२. प्लेबॅक मेनूतून टाइमलाइनचं रिझोल्युशन अर्धं करा. त्याने कार्डावरचा भार उतरतो, पण एच.२६५ ची फ्रेम मात्र पूर्णच उलगडावी लागते. फरक पडला नाही तर पुन्हा डिकोडिंगकडेच बोट जातं.

३. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू. एका आलेखाच्या नावावर क्लिक करून "व्हिडिओ डिकोड" निवडा आणि क्लिप चालू असताना त्याच्याकडे आणि सीपीयूच्या टक्क्याकडे एकाच वेळी बघा. त्याआधी रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली डिकोड ऑप्शन्समधली हार्डवेअर ॲक्सिलरेशनची खूण आहे ना, ते पाहून घ्या.

माझा अंदाज: व्हिडिओ डिकोड शून्यावर आणि सीपीयू छताला. कारण एनव्हिडियाच्या १६, २०, ३० आणि ४० या सगळ्या मालिकांतला डिकोडर १० बिट एच.२६५ उलगडतो, पण ४:२:० मधलं. ४:२:२ त्याला येतच नाही. ते आलं थेट २०२५ च्या ५० मालिकेत. म्हणजे ४०९० सारखं महागडं कार्डसुद्धा तुमची ही क्लिप सीपीयूच्याच गळ्यात मारतं. जाहिरातीतल्या फ्रेम प्रति सेकंदच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही, आणि लोक तोच तक्ता बघून एडिटिंगसाठी कार्ड घेतात.

डिस्कचंही बघून टाकू. २०० एम म्हणजे सेकंदाला २५ एमबी. एका क्लिपला हार्डडिस्क पुरते. तीन कॅमेरे एकदम म्हणजे ७५ एमबी, तेही तीन ठिकाणांहून उड्या मारत वाचायचं. तिथे हार्डडिस्क धापा टाकते. चालू प्रोजेक्ट एनव्हीएमईवर घेऊन मगच तपासणी करा, नाहीतर निकाल फसवा येईल.

---

नोडगणित

दुसऱ्या आणि तिसऱ्या त्रासाचा हिशेब मांडतो. इथे मात्र कार्डच अपुरं आहे.

रिझॉल्व्ह आतलं काम ३२ बिट फ्लोटमध्ये करतं. ३८४० × २१६० पिक्सेल, चार चॅनल, प्रत्येकी ४ बाइट: एक फ्रेम जवळपास १३३ एमबी. टेम्पोरल नॉइज रिडक्शनला शेजारच्या फ्रेमही हाताशी लागतात. त्यात तुमचे बाकीचे नोड (ग्रेडिंगचे टप्पे), वर विंडोज आणि मॉनिटरचा वाटा. ४ जीबी कधी संपले कळतही नाही.

कार्ड येईपर्यंत हे करा: टाइमलाइन १०८० पी ठेवा आणि ४के फक्त डिलिव्हर करताना निवडा. नॉइज रिडक्शनचा नोड अगदी पहिला ठेवा आणि त्या एकाच नोडवर नोड कॅश चालू करा. मग पुढचे रंग कितीही बदला, तो नोड पुन्हा पुन्हा मोजला जात नाही. तो शेवटी ठेवला तर आधीच्या कुठल्याही नोडला हात लावला की कॅश बाद. टेम्पोरलच्या फ्रेम आधी १ किंवा २ वरच ठेवून बघा, एकदम ५ वर नेऊ नका.

ब्लेंडर: ४०९६ चा एक ८ बिट रंगीत टेक्श्चर मेमरीत ६७ एमबी घेतो. फाइल जेपीजी असून ३ एमबीचीच असली तरी. कार्डावर ती उलगडूनच बसते. २० मटेरियल, प्रत्येकाचे ४ नकाशे: ८० टेक्श्चर, ५.४ जीबी. मॉडेल अजून यायचंच आहे. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये सिम्प्लिफाय चालू करून टेक्श्चरची मर्यादा २०४८ केली की हाच आकडा चौथाईवर, १.३ जीबीवर येतो. मंडपाच्या मागच्या पडद्याला ४के टेक्श्चर देऊन कुणाला काय दिसणार आहे? रफनेसचे नकाशे रंगीत न ठेवता एकाच चॅनलचे करून ठेवले की आणखी जागा वाचते.

५०६० आणि ५०६० टीआय या दोघांचा डिकोडर एकाच पिढीचा आहे. फरक मेमरीचा, ८ आणि १६. (टीआयही ८ जीबीत मिळतं, खोक्यावर नीट वाचा.) तुमच्या बाबतीत ८ जीबी मी घेणार नाही, त्याला आणखी एक कारण आहे. ही दोन्ही कार्डं बोर्डाशी माल ने-आण करायला फक्त ८ लेन (वाटा) वापरतात आणि बी४५० वर त्या पीसीआय ३.० च्या वेगाने चालणार, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. मेमरी पुरते तोवर एडिटिंगमध्ये हे जाणवणार नाही. ती भरली की जास्तीचा माल याच अरुंद बोळातून रॅमकडे ये-जा करतो आणि रेंडर रांगायला लागतो.

---

वॅटअँपिअर

कार्डाबरोबर एसएमपीएस आणि यूपीएसचाही विचार करा, नाहीतर पहिल्याच रेंडरला वीज गेली की मशीन बसेल.

१६५० घेतं ७५ वॅट. ५०६० ला १४५, ३०६० ला १७०, ५०६० टीआयला १८० वॅट लागतात. रायझन ३६०० वर ६५ लिहिलं असलं तरी पूर्ण भारावर ८८ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ५० धरा. ५०६० टीआय घेतलं तर बेरीज ३२० च्या आसपास. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३७५, वर मॉनिटरचे ३०. झाले ४०५ वॅट.

६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस ३६० वॅटचे असतात. लाइट असेपर्यंत कळत नाही. लाइट गेली की यूपीएस किंचाळतो आणि सगळं बंद, म्हणजे ज्या क्षणासाठी तो घेतला नेमक्या त्याच क्षणी. किमान ६०० वॅटचा, म्हणजे १००० व्हीएच्या घरातला घ्या. खोक्यावर व्हीए मोठ्या अक्षरात असतो, वॅटचा आकडा मागच्या स्टिकरवर शोधावा लागतो.

एसएमपीएसवर "४५०" लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. ३३ अँपिअर असतील तर ३९६ वॅट. स्वस्त मालात हा आकडा बराच खाली असतो. ५०६० टीआयसाठी एनव्हिडिया ६०० वॅट सांगते, ३०६० साठी ५५०. चांगल्या कंपनीचा ६५० घ्या आणि विषय संपवा.

कार्डाला वीज देणारी ८ पिनची वायर एसएमपीएसचीच हवी. सॅटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून ८ पिन करून देणारे ॲडॉप्टर दुकानात मिळतात, ते घेऊ नका. सॅटाच्या कनेक्टरची क्षमता ५४ वॅट, ८ पिनची १५०. प्लास्टिक वितळतं. आणि मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणारा, एसएमपीएस असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी. चुकीची लावली तर कार्ड किंवा डिस्क जागच्या जागी जळते.

---

रीळवाला

तपासणी केली, फुटेज एनव्हीएमईवर घेऊन. शिफ्ट-डी दाबूनही गचके. रिझोल्युशन अर्धं करूनही तेच. सीपीयू ९७ टक्के, व्हिडिओ डिकोड शून्य. त्याच कॅमेऱ्यातली ४:२:० १० बिटची एक जुनी क्लिप होती, ती लोण्यासारखी चालली. डिकोड ४० च्या आसपास, सीपीयू निवांत.

---

कटपॉइंट

मग पहिल्या त्रासाचा फुकटातला उपाय तुम्हीच शोधलात. पुढच्या शूटला कॅमेरा १५० एम, ४:२:० १० बिटवर ठेवा. ते तुमचं आत्ताचं १६५० हार्डवेअरमध्ये उलगडतं. गमावता काय? हिरव्या पडद्यावरचं कीइंग (पार्श्वभूमी काढणं) आणि टोकाचं ग्रेडिंग. १० बिट तसेच राहतात, त्यामुळे लॉगमध्ये (नंतर रंग चढवायच्या फिक्या प्रोफाइलमध्ये) शूट केलं तरी आकाशात पट्टे पडायची भीती नाही. ग्राहकाला शेवटी जी फाइल जाते ती ४:२:० च असते.

आधीच शूट झालेल्या ४:२:२ साठी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, करा. मीडिया पूलमध्ये क्लिप निवडून राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी, आकार १०८० पी. ५०पी ला तासाला साधारण ३४ जीबी लागतील. मूळ फुटेज हार्डडिस्कवर राहू दे, प्रॉक्सी एनव्हीएमईवर. एच.२६५ ची प्रॉक्सी करू नका, लांब जीओपीचं (एक फ्रेम उलगडायला शेजारच्याही लागतात) तेच दुखणं पुन्हा पदरात. आणि डिलिव्हर करताना प्रॉक्सी मीडिया वापरण्याची खूण काढलेली आहे ना, ते बघा. नाहीतर १०८० ची प्रॉक्सी ताणून ४के म्हणून ग्राहकाच्या हातात जाते, आणि हे मोठ्या टीव्हीवर लावल्याशिवाय कळत नाही.

---

सॉकेट१७००

थोडा विरोध करतो. नुसतं ४:२:२ उलगडायचं असेल तर इंटेलचा अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर ते बऱ्याच आधीपासून करतो. १२४०० घ्या, शेवटी एफ नसलेला, कारण एफवाल्यात ग्राफिक्स नसतं. डीडीआर४ चा बोर्ड घेतला तर रॅम तीच चालेल. मल्टिकॅम जास्त असेल तर १२६००के बरा, त्यात डिकोडची इंजिनं दोन आहेत, १२४०० मध्ये एकच.

---

नोडगणित

मुद्दा बरोबर, पण इथे बसत नाही. एक म्हणजे इंटेलचा हा डिकोडर एच.२६५ चं ४:२:२ घेतो, एच.२६४ चं १० बिट ४:२:२ नाही. दुसऱ्या कॅमेरामनने एक्सएव्हीसी एस (हे एच.२६४) मध्ये शूट करून आणलं की पुन्हा सीपीयूवर. ५० मालिका दोन्ही घेते. दुसरं, बोर्ड आणि प्रोसेसर बदलूनही कार्डाची मेमरी ४ जीबीच राहते, म्हणजे वरात आणि ब्लेंडर जिथल्या तिथे. ज्यांच्याकडे आधीच चांगलं ३०६० किंवा ४०७० आहे त्यांना तुमचा सल्ला लागू पडेल.

३०६० बद्दल: फक्त ब्लेंडरचा प्रश्न असता तर १२ जीबीचं ३०६० मीच सुचवलं असतं. घेणारच असाल, लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, तर ८ जीबीचंही ३०६० निघालंय हे ध्यानात ठेवा, त्याची मेमरी बस १२८ बिटची आहे, १२ जीबीवाल्याची १९२. दुकानातच जीपीयू-झेड चालवा. जुन्या चिपवर बनावट बायोस चढवलेलं कार्ड तो बहुतेक वेळा ओळखतो आणि नावापुढे "फेक" लिहितो. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) १५ मिनिटं. पडद्यावर ठिपके किंवा चौकोन दिसले तर मेमरी गेलेली. सीरियल नंबरवरून वॉरंटी किती उरली तेही विचारून घ्या.

---

रीळवाला

ठरलं. कॅमेऱ्याचं सेटिंग आजच बदलतो. सीझन संपेपर्यंत प्रॉक्सी, मग ५०६० टीआय १६ जीबी, सोबत ६५० वॅट आणि १००० व्हीए. कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २६० मिमी जागा आहे.

---

वॅटअँपिअर

दोन पंख्यांचं मॉडेल बघा, त्यातली बरीच २५० च्या आत बसतात. तीन पंख्यांची ३०० च्या घरात जातात. लांबीबरोबर जाडीही विचारा. अडीच स्लॉटचं असेल तर खालचा स्लॉट गेला.

क्रम असा ठेवा. १६५० बसलेलं असतानाच बोर्डाचं बायोस अद्ययावत करा, यूपीएस जोडून. मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद करून निव्वळ यूईएफआयवर विंडोज सुरू होतंय का पाहा. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर होणार नाही, विंडोजच्या एमबीआर२जीपीटी या टूलने ती आधी बदलावी लागेल, अर्थात बॅकअप घेऊनच. हे सगळं जुन्या कार्डावर नीट चाललं की मगच नवं बसवा. ५०६० मालिकेत काही बोर्डांवर रीस्टार्टनंतर पडदा काळाच राहायचा, त्यासाठी एनव्हिडियाने कार्डाचं फर्मवेअर बदलणारं टूल काढलंय. पण ते चालवायला आधी पडद्यावर काहीतरी दिसायला हवं, आणि रायझन ३६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणून १६५० लगेच विकू नका, महिनाभर तरी कपाटात राहू द्या.

ड्रायव्हर स्टुडिओवाला घ्या, क्लीन इन्स्टॉलची खूण करून. एनव्हिडियावरून एनव्हिडियावर जाताना तेवढं पुरतं. ब्लेंडरही नवं करून घ्या आणि प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमखाली ऑप्टिक्स ही रेंडरची पद्धत निवडा. जुनी कुडा पद्धतच तशी राहिली तर कार्डातले रे ट्रेसिंगचे भाग नुसते बसून राहतील.