मदत हवी आहे: ब्रिस्बेनमधील साध्या लाकडी कामगारघराचे वारसामूल्य कसे मांडावे?

ब्रिस्बेनमध्ये आम्ही घेतलेले छोटे लाकडी घर दोन महायुद्धांच्या दरम्यानचे असून, क्वीन्सलँडच्या १९०९ च्या कामगार-निवास कायद्याने सुरू झालेल्या योजनेत सरकारी कर्जावर बांधलेल्या घरांपैकी ते असावे, असे ठेवणीवरून वाटते. ते लाकडी खांबांवर उभे आहे, खांबांच्या डोक्यावर वाळवी रोखणाऱ्या पत्र्याच्या टोप्या आहेत आणि भिंती उभ्या फळ्यांच्या, एकेरी आहेत. निघालेली एक फळी उलटी केली, तेव्हा मागे सुताराने पेन्सिलीने लिहिलेली मापे तशीच होती.

मालकीहक्काच्या जुन्या नोंदी काढल्या, शहराच्या अभिलेखागारातील सांडपाण्याचा नकाशा आणि १९४६ चे हवाई छायाचित्रही पाहिले. दोन्हींत घराचा आकार आजचाच आहे, फक्त मागचा व्हरांडा नंतर बंदिस्त झाला आहे. जुन्या वस्त्यांतील घरांना पाडकामाविरुद्ध मिळणारे संरक्षण ही वेगळी बाब आहे; माझा प्रश्न वारसा-नोंदीचा आहे. एका सल्लागारांच्या मते नामवंत वास्तुविशारद नसल्याने घराला मूल्य नाही. मला ते पटत नाही, कारण १९९२ च्या क्वीन्सलँड वारसा कायद्यात एखाद्या प्रकारच्या वास्तूंची मुख्य वैशिष्ट्ये दाखवणे हाही स्वतंत्र निकष आहे.

महागडा अहवाल परवडणार नाही, म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो: या निकषासाठी नेमका कोणता पुरावा ग्राह्य धरतात, आणि बंदिस्त व्हरांड्यामुळे दावा कमकुवत होतो का?